वडाळीचा पाचवा गडी

अमरावती,
१ जानेवारी १९३९, रविवार

तीर्थरूप भाऊ,

शकुनचा दंडवत. तू उत्तर लिहीत नाहीस म्हणून मीही लिहू नये, असं काही ठरलेलं नाही. दिवाळीपासूनचं हे माझं चौथं पत्र. अकोल्याच्या मनकर्णामावशीला म्हणावं, चुलीत घालायच्या आधी त्याला एकदा वाचू तरी दे.

सायकलींच्या शर्यतीची तारीख ठरली. शनिवारी एकवीसला अमरावतीहून अकोला आणि रविवारी बावीसला अकोल्याहून परत. साठ मैल जायचं, साठ मैल यायचं, आणि चौघांतला शेवटचा गडी जेव्हा पोचेल तीच संघाची वेळ. म्हणजे गेल्या वर्षीसारखंच. एकच नियम नवा केला आहे. नावं पाच द्यायची आणि दर दिवशी त्यांतल्या चौघांनी चालवायचं. चाराचे तीन झाले की संघ बाद.

आपल्या वडाळी मंडळाचे जानराव आणि शेषराव आहेतच. तुझा मित्र देवीदास आहे. चौथा उत्तमराव नवा आहे, पण त्याची सासुरवाडी अकोल्याची. तो म्हणतो, शनिवारी जीव तोडून चालवतो, पण रविवारी सासूच्या हातचं जेवण सोडून मी सायकलवर बसणार नाही. म्हणून पाचवं नाव जानरावानं तुझं लिहिलं. माझा त्यात काही हात नाही.

देवीदासचं नाव मी सरळ लिहिलं हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. आमचं लग्न ठरलेलं होतं तोवर ते नाव तोंडातून काढायची मला चोरी होती. तुझ्या शब्दावर बाबांनी सुपारी मोडली, तेव्हा आता मी जसं कोणाचंही नाव घेते तसं त्याचंही घेते. एवढा एक फायदा झाला.

शेवंती यंदा बेसुमार आली आहे. पहाटे आम्ही दोघी मायलेकी तोडायला जातो तेव्हा तलावावरून धुकं खाली मळ्यात उतरलेलं असतं आणि शेजारच्या वाफ्यातली मायसुद्धा दिसत नाही, नुसती तिच्या बांगड्यांची किणकिण येते. अशा वेळी मी तुझ्या रस्त्यानं जाते. पहिला वाफा बडनेरा. दुसरा लोणी. मग मूर्तिजापूर, मग काटेपूर्णेचा पूल, मग बोरगाव मंजू. शेवटचा वाफा विहिरीजवळचा, तो अकोला. मी अकोल्याला आले ती एकदाच, आगगाडीनं, आणि सगळा वेळ मायच्या मांडीवर झोपले होते. त्यामुळे तो रस्ता मी पाहिलेलाच नाही. तू सांगितलास तेवढाच माझ्याकडे आहे. दोन्ही बाजूंनी बाभळी, सरकी काढायच्या जिनाकडे निघालेल्या कपाशीच्या बैलबंड्या, आणि बंड्यांतून ओढला गेलेला कापूस बाभळीच्या काट्यांना जागोजागी अडकलेला. तू म्हणाला होतास की पौषात तो रस्ता दुरून पांढऱ्या फुलांनी फुलल्यासारखा दिसतो, आणि जवळ गेलं की नुसते काटे.

बाबा टोपल्या आता बंडीनं नेतात. अंबादेवीच्या देवळाशी, आपल्या दुकानात पोचेपर्यंत अर्धी शेवंती झडलेली असते. तू सायकलवर दोन टोपल्या नेत होतास तेव्हा एक पाकळी पडत नव्हती, असं ते बोलत नाहीत, पण टोपली उतरवताना खाली सांडलेल्या पाकळ्यांकडे फार वेळ पाहतात.

तू ये, एवढंच.

तुझी
शकुन


९ जानेवारी, सोमवार

भाऊ,

उत्तर आलं नाही. पण मावशीचा निरोप आला. तिच्या गल्लीतली बाई अंबादेवीच्या दर्शनाला आली होती, ती आपल्याच दुकानापाशी फुलं घ्यायला थांबली आणि म्हणाली, "मनकर्णाबाईचा भाचा? तो तर पत्रं उशाखाली ठेवून निजते. दिवसभर दुकानात चाकंच्या चाकं सरळ करते, कोनाशी बोलत नाई. जुन्या शहरातल्या सगळ्या सायकली नीट झाल्या, मानूस तेवढा वाकडा हाय." माय हसली आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली.

उशाखाली ठेवतोस हे कळलं ते बरं झालं. आता मला लांबलचक लिहायला हरकत नाही.

संघ रोज पहाटे तिवशाच्या रस्त्यानं सरावाला जातो. मळ्याच्या कडेनं जाताना त्यांच्या चेनांचा आवाज येतो, धुक्यात माणसं दिसत नाहीत. चारही सायकलींचे आवाज मला वेगवेगळे ओळखू येतात. शेषरावाच्या सायकलचं मागचं मडगार्ड वाजतं. देवीदासची अजिबात वाजत नाही. तो गेला हे मागच्या शांततेवरूनच समजायचं.

आता तुला नको असलेली बातमी. शेंदूरजनाघाटचे खुशालराव आपल्या मुलासाठी मला पाहून गेले. संत्र्याचा मोठा बाग आहे. मुलगा शहाणा आहे म्हणतात, आणि असेलही, मी त्याचे जोडे तेवढे पाहिले. चोवीस तारखेला, मंगळवारी, ते सुपारी फोडायला येणार. बाबा तयार आहेत. मायनं एकदा देवीदासचं नाव काढलं तर बाबा म्हणाले, "ज्यानं माह्या पोराले भर रस्त्यात दगा देल्ला, त्याच्या घरी पोरगी देऊ? सहदेव सोता येऊन सांगंल का माहं चुकलं, तवा पाहू." तुझा शब्द या घरात अजून असा चालतो. तू इथे नसताना जास्तच चालतो.

गेल्या वर्षीच्या शर्यतीचं तू घरी येऊन जे सांगितलंस ते मला पाठ आहे. बोरगाव मंजूच्या पुढे बाभळीचा काटा लागून तुझं मागचं चाक बसलं. अकोला बारा मैल, आणि तुम्ही सगळ्यांच्या पुढे होतात. देवीदासनं सीटखालची पंचरची पिशवी सोडली, तर आतले रबराचे तुकडे ओले, ट्यूब घासायचा काचकागद भिजून लगदा झालेला. ठिगळ लावलं, सुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदाही सुटलं तेव्हा तू पंप रस्त्यावर फेकलास आणि कपाशीच्या बंडीवाल्यांसमोर म्हणालास की यानंच तुकडे भिजवले, अकोल्याच्या संघानं याला जिनात नोकरी कबूल केली आहे. देवीदासनं ती नोकरी नाकारली होती हे सगळ्या वडाळीला ठाऊक होतं. तुलाही होतं. पण रागात माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही.

तो काही बोलला नाही, यावरूनच तुझी खात्री पटली. तू सायकल खांद्यावर घेऊन चालत निघालास. चार मैल तो तुझ्या शेजारून आपली सायकल ढकलत चालत होता, हे तू सांगितलं नाहीस. ते मला शेषरावानं सांगितलं.

दोन दिवसांनी तू म्हणालास, "जिथं हारलो तिथंच जाऊन राह्यतो," आणि गेलास. मी दारात उभी होते. मी त्या वेळी काही बोलायला हवं होतं. काय ते पुढच्या पत्रात लिहीन.

शकुन


१५ जानेवारी, रविवार

भाऊ,

संक्रांत काल झाली. तीळगूळ पत्रात घातला तर अकोल्याला पोचेपर्यंत त्याचा भुगा होतो, म्हणून शेवंतीची एक फांदी दाबून घातली आहे. तीही सुकलेलीच मिळेल, पण निदान शेवंती आहे हे कळेल.

काल दुपारी बांधावर डोळा लागला आणि मला मोठं नवल दिसलं. मी तुझ्या सायकलवर होते, मागे दोन्ही टोपल्या, आणि रस्ता तोच, बाभळीचा. रस्त्यावर मी एकटी. चाकाचा आवाज नाही, खड्डा नाही, पाय मारावा लागत नाही. मी मूर्तिजापूर ओलांडलं हे मला तिथल्या जिनाच्या भोंग्यावरून कळलं. मग काटेपूर्णेचा पूल आला. पुलाखाली नदीच्या जागी कापूस वाहत होता, अगदी हळू, आणि पलीकडच्या काठाला तू पाठमोरा बसून काहीतरी धूत होतास. मी हाक मारली. तू म्हणालास, "थांब, वलं हाय अजून." आणि जाग आली. माय विचारत होती की झोपेत रडतेस कशाला.

तुला आठवतं का, तू मला सायकल शिकवलीस ते? मी अकरा वर्षांची होते. बाबा बाजारात गेले की तू मला बांधावर बसवायचास, मागून सीट धरायचास आणि म्हणायचास, "टोपली हाय असं समज. शेवंती हालली नाई पाह्यजे." मी विहिरीपर्यंत गेले आणि मागे पाहिलं तर तू तिकडे लिंबाखाली उभा. तू सीट कधी सोडलीस ते मला कळलंच नव्हतं. मी तिथंच पडले, पण पडेपर्यंत चालवत होते. त्यानंतर मला बरेच दिवस वाटायचं की मी जेव्हा जेव्हा काही करते तेव्हा तू मागून धरलेलं असतं.

गेल्या पत्रात लिहीन म्हटलेलं या पत्रात लिहायला बसले होते. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. आता कागद भरला आहे. शिवाय माय हाका मारून राहिली आहे. या दोन्ही सबबी खऱ्या आहेत, तरी त्या सबबीच आहेत.

एक मात्र कबूल करते. पाचवं नाव जानरावानं आपण होऊन लिहिलं नाही. मी त्याच्या बायकोकरवी तीन दिवस त्याच्या मागे लागले होते. तो म्हणत होता, "सहदेव आला नाई तर रईवारी सगळा संघ बाद होते, हे तुले समजते का?" मी म्हटलं, समजतं. तो येईल.

का येशील, हे मी त्याला सांगितलं नाही.

शकुन


२० जानेवारी, शुक्रवार

भाऊ,

हे पत्र टपालानं येणार नाही. उद्या संध्याकाळी देवीदास ते तुझ्या हातात देईल. त्याच्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण पत्र घे आणि त्याच्यासमोरच वाच.

पंचरची पिशवी मी भिजवली होती.

गेल्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी पिशवीचा पट्टा तुटला म्हणून देवीदासनं ती शिवायला माझ्याकडे दिली होती. त्याच आठवड्यात तू जेवताना बोलला होतास की उन्हानं रबर वाळतं, कडक होतं, मग ठिगळ नीट बसत नाही. ते माझ्या डोक्यात राहिलं. मी माळ्याची पोर आहे. जे वाळू द्यायचं नाही ते ओल्या फडक्यात, एवढंच मला लहानपणापासून येतं. माझ्या जुन्या लुगड्याची जांभळ्या काठाची चिंधी मी विहिरीवर भिजवली, रबराचे तुकडे आणि काचकागद तिच्यात गुंडाळले, आणि देवीच्या वेणीची पुडी बांधतो तशी केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं बांधली. पहाटे निघताना वरून आणखी एकदा पाणी शिंपडलं. तुमच्या संघासाठी मलाही काहीतरी करता आलं, या आनंदात मी तो सारा दिवस होते. वाफे तोडता तोडता तुम्हाला अकोल्याला पोचवलं, पहिले.

रविवारी तू आगगाडीनं परत आलास, उंबऱ्यातच म्हणालास की त्यानं तुकडे भिजवले, आणि मला सगळं उमगलं. त्याच क्षणी बोलायचं होतं. पण तू बाबांपुढे उभा होतास. तुला इतका चिडलेला मी कधीच पाहिला नव्हता, आणि मी घाबरले. मला वाटलं उद्या सांगू. उद्या बाबांनी सुपारी परत केली. परवा तू गेलास. मग सांगायचं ते इतकं मोठं होऊन बसलं की माझ्याच्यानं उचलवेना. घाबरट म्हण, खोटारडी म्हण, मी स्वतःला रोज म्हणतेच.

आज दुपारी देवीदास पिशवी घ्यायला आला. शिवायला नव्हती दिलेली. यंदा पिशवी तूच भरून दे, असा शेषरावाच्या हाती निरोप होता आणि मला त्याचा अर्थ लागत नव्हता. सुपारी मोडल्यापासून तो मळ्यात पाय ठेवत नाही, बांधापलीकडेच उभा राहिला. माय वांग्यांच्या वाफ्यात खुरपत होती. तिनं पाहिलं आणि तोंड फिरवून खुरपत राहिली. मी जवळ जाऊन एका दमात बोलून टाकलं.

"गेल्या साली पिशवी मी वली केली होती. जानूनबुजून नाई. वाळू नये म्हनून."

तो म्हणाला, "मले मालूम हाय."

"कवापासून?"

"बोरगावापासून. फडकं पाह्यलं ना. त्याच्यातूनच तर फुलं येत होती आमच्या घरी."

"मंग भाऊले कावून नाई सांगितलं?"

"तो लय तापला होता. तुहं नाव घेतलं असतं तर चार मानसांत तुले बोलला असता. मले बोलला, त्याचं काय एवढं. वाटलं, दोन दिवसानं थंडा होईल मंग सांगू. तो निघूनच गेला."

"सालभर तुमी गप राह्यले?"

तो पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाला, "तू बी गपच होती. मी मनलं, तुह्या मनात नसंल. सुपारी मोडली ते तुले बरंच वाटलं असंल."

भाऊ, मी एक वर्ष फक्त स्वतःची भीती सांभाळत बसले आणि तो बिचारा हे समजून होता. मी त्याला काय उत्तर दिलं ते तुला लिहिणार नाही. उत्तर दिलं, एवढं लिहिते. माय अजून तोच वाफा खुरपत होती, त्यात आता वांग्यांशिवाय काहीही उरलेलं नव्हतं.

पिशवी मी भरून दिली आहे. दोन दिवस तुकडे सावलीत सुकवले होते, कोऱ्या कागदात बांधले आणि पत्र्याच्या डबीत घातले. हातही पुसून घेतले होते.

आता मागणं. रविवारी सकाळी चौथा गडी म्हणून उभा राहा. तू नसलास तर ते तिघं अकोल्याला अडकून पडतील, आणि मंगळवारी खुशालराव येतील, आणि देवीदास जन्मभर दगाबाज राहील. बाबांना दुसऱ्या कोणाचा शब्द चालत नाही. माझ्यावर चिडायचं तर खुशाल चीड, तुझा हक्क आहे. पण ते सोमवारी. रविवारी चालव.

शकुन


२३ जानेवारी, सोमवार सकाळ

भाऊ,

तू ओसरीवर झोपला आहेस. माझ्यापासून चार हातांवर. घोरतोस ते अंगणापर्यंत ऐकू येतं. तरी मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. वर्षाची सवय लागली आहे. शिवाय काही गोष्टी तुझ्या तोंडावर मला बोलता यायच्या नाहीत. यातलं बरंच तुला ठाऊक आहे, पण मला ते पुन्हा एकदा सगळं जागेवर लावून पाहायचं आहे.

शनिवारचं मला जानरावानं सांगितलं. ते सहा तासांत अकोल्याला पोचले, सहा संघांत तिसरे. उत्तमराव सासुरवाडीला गेला. देवीदास मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात आला तेव्हा तू दुकानापुढे एका चाकाच्या तारा आवळत बसला होतास. त्यानं पत्र पुढे केलं. तू हात पुसून घेतलंस. जानराव म्हणतो तू ते दोनदा वाचलंस, मावशीनं शेषरावाच्या हाती कळवलं तीनदा. मग विचारलंस, "फडकं कुठं हाय?"

देवीदासनं खिशातून काढून दिलं. वर्षभर ते त्याच्यापाशी होतं. हे त्यानं मलाही बांधावर सांगितलं नव्हतं.

तू ते उलगडलंस, काठ पाहिलास, आणि बराच वेळ ते चाक हातानं नुसतं फिरवत बसलास. जानराव म्हणतो, त्याला वाटलं संघ बाद झाला. मग तू म्हणालास, "उद्या किती वाजता निघाचं?"

काल सकाळी मी शेवंती तोडली नाही. मायनं एकटीनं तोडली. मी वाफ्यांमधून नुसती चालले, विहिरीपासून उलट्या बाजूनं, अकोल्याहून इकडे. बोरगावच्या वाफ्याशी पाय अडले. पुढे जाईना. ते मनाचे खेळ असतील. पण जानराव म्हणतो त्याच सुमाराला बोरगावच्या बाभळींखाली तुझं मागचं चाक पुन्हा बसलं होतं.

तुम्ही चौघं उतरलात. देवीदासनं डबी उघडली. ट्यूब घासली, सोल्युशन लावलं, फुंकर घातली, तुकडा ठेवला आणि अंगठ्यानं दाबून धरला. बाजूनं बंड्या चालल्या होत्या आणि वाऱ्यानं कापूस तुमच्या अंगावर येत होता. तू चाकाकडे पाहत होतास आणि बाकीचे दोघं तुझ्याकडे. हवा भरली. मग तू म्हणालास, "बस मनावं सायकलवर सगळ्याईले," आणि पुढचे अठ्ठेचाळीस मैल तूच पुढे राहिलास. शेषराव म्हणतो, सहदेवच्या मागे चालवताना खड्डा लागतच नाही, आपण झोपलो आहोत असं वाटतं.

मी शर्यत संपते तिथे, राजापेठेला, फुलांची टोपली घेऊन उभी होते. बाबा बंडी जरा लांब लावून बसले होते. शर्यत पाहायला आलो नाही, बैलांना विसावा देतो आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. पहिला संघ आला, दुसरा आला, तिसरा आला. मी मोजणं सोडलं. मग उन्हात, धुरळ्यात, एका ओळीत चार जण दिसले. पुढे तू होतास. तुझ्या मनगटाला काहीतरी जांभळं बांधलेलं होतं. मला पुढचं काही नीट दिसलं नाही, कारण मी रडत होते, आणि ते लपवायला टोपलीत तोंड घातलं तर डोळ्यांत पाकळ्या गेल्या.

सहांत चौथे. कोणी हार घातले नाहीत, कोणी विचारलंही नाही.

तू सायकल टाकून सरळ बाबांपाशी गेलास आणि पायांवर डोकं ठेवलंस. म्हणालास, "बाबा, देवीदासची चूक नोती. मी रागात वायफट बोललो. त्याले भर रस्त्यात चोर ठरवलं. माहं चुकलं."

बाबांनी विचारलं, "मंग तुकडे कशानं वले झाले?"

तू माझ्याकडे पाहिलंस. देवीदास जमिनीकडे पाहत होता. तू म्हणालास, "कोनाले मालूम. दव पडलं असंल."

भाऊ, त्या वेळी मला तुझा फार लोभ वाटला आणि तितकाच रागही आला. वर्षभर एकानं मला झाकलं. आता दुसरा झाकायला निघाला. असं किती दिवस मी कोणाच्या तरी पाठीमागे उभी राहणार? सीट तू केव्हाच सोडलेली आहेस, हे मला तेव्हा कळलं. मी पुढे झाले.

"दव नाई, बाबा. फडकं मी गुंडाळलं होतं. वलं करून. याईचं रबर वाळू नये म्हनून. आन सालभर मी तोंड उघडलं नाई."

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं आता हात उठेल. त्यांची नजर खाली माझ्या हातातल्या टोपलीवर गेली. शेवंतीवर ओलं फडकं होतं. पहाटे घरून निघताना टाकलं होतं, मला आठवतही नाही केव्हा. ते फडकं त्यांनी दोन बोटांनी उचललं, पिळलं, पुन्हा पसरून नीट झाकलं.

"चार वर्साची होती तवापासून मीच शिकवलं तुले," ते म्हणाले. "मळ्यातून काई बी बाहेर न्याचं तर वल्या फडक्यात. आता कोनाले बोलू?"

त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "शेंदूरजन्याले आजच मानूस धाडतो. खुशालराव भला मानूस हाय, त्याले तिष्ठत ठेवनं बरं नाई." आणि बंडीवर चढता चढता, मागे न पाहता, "देवीदास, मंगळवारी सांजच्याले माय-बापाले घेऊन ये. सुपारी घरात हायच."

देवीदासला वेळेवर बोलणं कधी जमतच नाही. पण येताना त्यानं आपली सायकल माझ्या बाजूनं ढकलत आणली, मळ्याच्या बांधापर्यंत, आणि या वेळी बांधाच्या अलीकडे आला.

माझ्यावर सोमवारी चिडायचं ठरलं आहे. आज सोमवार आहे. उठलास की चीड, मी कुठे जाणार नाही.

मघाशी अंगणात जाऊन मी तुझ्या मागच्या चाकावर अंगठा दाबून पाहिला. रात्रभरात हवा जराही गेलेली नाही. कॅरिअरला दोन टोपल्या बांधून ठेवल्या आहेत, वर फडकं टाकलं आहे, ओलं. बाबा केव्हाचे बंडीशी उभे आहेत आणि बैल जुंपत नाहीत. ऊठ आता.

शकुन